चौदा नंबरने काढलेला परिच्छेद

सभ्य शब्दांत माणसाला वाटेला कसं लावावं, हे मला चांगलं जमतं. तेहतीस वर्षं मी शाळेत भाषा शिकवली, आणि त्यातला बराचसा काळ पालकांना चिठ्ठ्या लिहिण्यात गेला. 'आपला पाल्य हुशार आहे, तथापि' अशा चालीच्या. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाने एकदा चार ओळींचा मजकूर लिहून मागितला, तेव्हा मी तो उभ्या उभ्या लिहून दिला. वर स्वतःवर खूशही झाले. त्या चार ओळींनी काय केलं ते सांगण्याआधी दादाबद्दल सांगायला हवं.

दादा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होता. म्हणजे रस्त्यावरचं लोखंडी झाकण उघडायचं, शिडीने खाली खड्ड्यात उतरायचं आणि बिघडलेल्या केबलच्या आतल्या शेकडो तारा एकेक करून पुन्हा जोडायच्या. डोक्यावर तंबू, पायाखाली पाणी, मांडीवर हत्यारं. अशी अठ्ठावीस वर्षं काढली त्याने. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की आमची आई 'टेलिफोनात असतो' म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं खुर्चीत बसतो. आई तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे.

जुन्या केबलींना वरून शिशाचं आवरण असे आणि आतल्या तारा कागदात गुंडाळलेल्या असत. त्या कागदाला ओल लागली की अख्ख्या वस्तीचे फोन मुके व्हायचे. म्हणून तारा जोडून झाल्या की त्यांच्यावर शिशाची नळी चढवायची आणि तिची टोकं वितळलेल्या शिशाने अशी बंद करायची की हवासुद्धा आत शिरू नये. याला ते लोक सांधा भरणं म्हणतात. स्टोव्हवर शिसं वितळवायचं, पळीने सांध्यावर ओतायचं, आणि खाली चरबी लावलेल्या जाड कापडाची घडी धरून हाताने त्याला गोल आकार द्यायचा. यंत्र नाही, साचा नाही, फक्त हात.

दादाचा हात बसवला त्याला काम शिकवणाऱ्या जुन्या जॉइंटरने, उस्तादांनी, चौदा नंबरच्या खड्ड्यात. पहिले तीन महिने दादाचं शिसं सांध्यावर कमी आणि बुटांवर जास्त पडायचं. उस्ताद म्हणाले, "सांधा जमेपर्यंत तुला या खड्ड्यातून हलवणार नाही." आणि त्याचं नावच 'चौदा' पाडलं. पुढे सांधा जमला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. उस्ताद म्हणजे उंच, काटकुळा माणूस. रस्त्यावर असले की घुमे, आणि खाली उतरले की तोंडाला खळ नाही. दादा म्हणतो, उस्तादांचं निम्मं बोलणं त्याने शिशाच्या वाफेत ऐकलं.

दादा निवृत्त झाला तेव्हा वहिनीला धास्ती होती, हा माणूस आता करणार काय. त्याने आधी घरातले बिघडलेले नळ दुरुस्त केले. मग न बिघडलेले दुरुस्त केले, आणि ते बिघडले. त्यानंतर एकदा जुन्या कॉम्प्युटरवर त्याला तो ऑनलाइन ज्ञानकोश सापडला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, असा. त्यात आपल्या भाषेत 'केबल' या विषयावर तीन ओळी होत्या आणि तिसरी चुकीची होती. दादाने तिसरी ओळ दुरुस्त केली आणि त्याच दिवशी तो कायमचा अडकला.

तिथे प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं. दादाने 'चौदा नंबर' घेतलं. उस्तादांना फोन करून सांगितलंसुद्धा, तेव्हा ते हसले म्हणे, आणि उस्ताद हसल्याची बातमी त्याने आम्हाला दोनदा सांगितली. सहा वर्षांत त्याने एकशे एकतीस लेख लिहिले. शिसं, चरबी, शिडी, खड्ड्यातलं पाणी, झाकण. 'खड्ड्यातला वायू' हा त्याचा लेख तपासताना मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस रोज खाली उतरण्याआधी दोरीने एक पेटता दिवा आत सोडून बघत असे. दिव्याची ज्योत धड राहिली तर उतरायचं. आणि आम्ही घरी जेवायला उशीर का झाला म्हणून तोंड वाकडं करायचो.

लेख तपासायचं काम माझं. मी खालच्या मजल्यावर राहते, तो तिसऱ्यावर. लेख झाला की कागद घेऊन खाली यायचा आणि मला चिडवायला म्हणायचा, "बाई, वही आणलीये." त्याच्या वाक्यांना मी काना-मात्रा सोडून फारसा हात लावत नसे. एकदाच लावला. 'झाकण उचलताना पाठ वाकवू नये, गुडघे वाकवावेत. गुडघे दोन असतात, पाठ एकच असते.' मी म्हटलं, ज्ञानकोशात असं लिहीत नाहीत, दुसरं वाक्य काढ. त्याने काढलं. आता वाटतं, राहू द्यायला हवं होतं.

त्याचा जीव अडकला होता तो एका मोठ्या लेखात. 'शिशाच्या केबलची जोडणी'. अडीच वर्षं तो त्यावर काम करत होता. सगळं लिहून झालं, एक विभाग सोडून. 'सांधा भरणे' हा मथळा होता, आणि खाली पट्टी होती: 'हा विभाग अपूर्ण आहे. माहिती असल्यास भर घालावी.' ज्याने आयुष्यात हजारो सांधे भरले त्याला नेमकं तेच लिहिता येईना. मी विचारलं, शिसं ओतल्यावर हात केव्हा फिरवायचा हे कसं कळतं? तो हवेत पंजा धरून फिरवून दाखवायचा.

"हे असं."

"दादा, 'हे असं' लिहिता येत नाही."

"उस्तादांना सांगता येतं. रविवारी जातो त्यांच्याकडे आणि विचारून येतो."

उस्ताद तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायचे. हात थरथरू लागले होते. रविवार लांबवण्यासारखी परिस्थिती नव्हती, आणि तरी तो लांबला. कारण मध्येच पद आलं.

त्या ज्ञानकोशात लेखक असतात तसे प्रचालकही असतात. नको ते पान काढून टाकायचं, दंगा करणाऱ्याला रोखायचं, भांडणं सोडवायची, असे जादा अधिकार त्यांच्याकडे असतात. त्यांतल्या सगळ्यात जुन्या प्रचालकाला तिथे 'पंत' म्हणतात. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. पंतांनी दादाला लिहिलं, तुमच्यासारखा भरवशाचा माणूस हवा आहे, नाव पुढे करू का? दादा नाही म्हणणार होता. "मला लिहायचंय," तो म्हणाला.

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आयुष्यभर खड्ड्यात बसलास. आता कुणी आपणहून खुर्ची देतंय, तर बस की."

आईचीच लेक मी. दादा हो म्हणाला. तिथल्या लेखकांची बावीस मतं त्याच्या बाजूने पडली, विरोधात एकही नाही. मी इमारतीत सगळ्यांना सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा. दूधवाल्याने विचारलं, म्हणजे आता ते काय करणार? मला नीट सांगता आलं नाही.

काय करणार ते लवकरच कळलं. रोज शेकडो लोक येऊन काहीबाही लिहीत. कुणी शिव्या लिहून जाई, कुणी आपल्या दुकानाची जाहिरात, कुणी आजोबांच्या आठवणी. ते सगळं निवडून काढायचं आणि प्रत्येकाला का काढलं ते कळवायचं. दादा पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला वेगळं पत्र लिहीत बसला आणि मेटाकुटीला आला. मग माझ्याकडे आला. "बाई, सगळ्यांना चालेल असं काहीतरी दे. एक बटण दाबलं की जाईल असं."

मी दिलं. 'आपण केलेली भर विश्वासार्ह संदर्भाअभावी काढून टाकण्यात आली आहे. ज्ञानकोशात वैयक्तिक अनुभवांना स्थान नसते. कृपया लिहिण्यापूर्वी धोरणे वाचावीत. आपल्या सहकार्याबद्दल आभार.' खाली आपोआप सही, 'चौदा नंबर'. पंतांना तो मजकूर इतका आवडला की बाकीचे प्रचालकही तोच वापरू लागले. मी ते वहिनीला वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, "छान आहे. दार तोंडावर आपटलंय, पण आवाज नाही आला."

पुढच्या आठ महिन्यांत दादाने एकही लेख लिहिला नाही. दिवसभर तो बटणं दाबायचा, धोरणांचे मसुदे वाचायचा. दोन लेखक लेखांच्या एका वर्गाच्या नावावरून भांडत होते, त्यांची अडतीस पत्रं वाचून त्याने निवाडा दिला, आणि दोघंही त्याच्यावरच उलटले. खाली माझ्याकडे कागद घेऊन येणं बंद झालं. वहिनी म्हणायची, "आधी जेवताना शिशाबद्दल बोलायचे, आता धोरणांबद्दल बोलतात. शिसंच बरं होतं." मला मात्र अभिमानच वाटत होता, खोटं कशाला बोलू? कुणी विचारलं की मी 'प्रचालक आहे' असं सांगायची. उस्तादांकडे जायचा रविवार पुढे पुढे सरकत राहिला.

नवव्या महिन्यात उस्तादांच्या लेकीचा फोन आला. ती घरीच शिवणकाम करते, मोजकं बोलते. म्हणाली, "बाबा म्हणतात हत्यारांची पेटी चौदाला द्या. लवकर या, नाहीतर भंगारात घाला म्हणतील." दादाचा चेहरा उतरला. जॉइंटर पेटी देतो म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पेटी जड असते या निमित्ताने मीही बरोबर गेले.

पुढच्याच खोलीत लेकीचं शिलाई मशीन होतं, बाजूला बाह्या न लावलेल्या सदऱ्यांचा ढीग, आणि खिडकीशी खुर्चीत उस्ताद. टेबलावर पेटी उघडी होती. प्रत्येक हत्यार तेल लावून कापडात गुंडाळलेलं.

"ने बाबा," उस्ताद म्हणाले. "आता मला त्यातलं काही आठवत नाही."

दादा हसला. "तुम्हाला आठवत नाही तर कुणाला आठवणार, उस्ताद?"

"नाही रे. तूच तर दाखवून दिलंस. बरं केलंस. नाहीतर चुकीचंच राहिलं असतं तिथे, आणि चारचौघांनी वाचलं असतं."

दादाला काही उमगेना. त्याने लेकीकडे पाहिलं. तिने मशीन थांबवलं.

"तुमच्या लेखात ती रिकामी जागा होती ना," ती म्हणाली, "ती बाबांनी भरली होती. मागच्या महिन्यात, माझ्या फोनवर. अकरा दिवस लागले त्यांना, एका बोटाने. हात थरथरतो, एक अक्षर उमटेपर्यंत तीन चुकीची. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. तर म्हणाले, चौदाचं अडलंय, मीच लिहिणार. शेवटी एकदाचं झालं, दिसायला लागलं, आणि आम्ही चहा ठेवेपर्यंत गेलं."

तिने फोन काढून पुढे केला. मी जवळ होते म्हणून माझ्या हातात आला. 'आपण केलेली भर विश्वासार्ह संदर्भाअभावी.' चारही ओळी माझ्या, एक पूर्णविरामही हललेला नव्हता, आणि खाली सही 'चौदा नंबर'. 'ज्ञानकोशात वैयक्तिक अनुभवांना स्थान नसते.' उस्तादांनी टोपणनाव घेतलं होतं 'जुना जॉइंटर'. तेवढं नाव वाचलं असतं तरी दादाचं बोट थांबलं असतं. मी फोन दादाकडे दिला आणि खाली बघत राहिले. मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटत होतं.

दादाने वाचलं. बराच वेळ वाचत राहिला, चारच ओळी असून.

"उस्ताद," तो म्हणाला, "मी तपासलं नाही. वाचलंसुद्धा नाही. एका दमात तीस-चाळीस जणांचं काढतो मी. वरून संदर्भ दिसला नाही की बटण दाबतो."

उस्तादांनी मान हलवली. "तू न वाचता काही करशील? तू? एकेक तार तीनतीनदा बघायचास. मी ओरडायचो, झालं ना, आता पुढे सरक. माझं मन राखायला बोलतोयस, कळतं मला. तू काढलंस म्हणजे चुकलंच असणार काहीतरी. हाताबरोबर डोकंही जायचंच, त्यात काय."

दादाने पुन्हा सांगून पाहिलं, शपथ घेऊन पाहिली. उपयोग शून्य. ज्याला स्वतःच्या हाताने तयार केलं त्याच्यावर या माणसाचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता, आणि त्या भरवशानेच तो खचला होता. निघताना लेक दारापर्यंत आली. "डॉक्टर म्हणतात वयाच्या मानाने डोकं लख्ख आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण त्यांनीच ठरवलंय की गेलं. आता नळ बंद केला का हेही मला दोनदा विचारतात. कामाबद्दल तर अवाक्षर काढत नाहीत. आधी मला शिवता शिवता सगळं सांगायचे." पेटी आम्ही आणली नाही. दादा म्हणाला, असू दे अजून.

घरी आल्यावर त्याने कॉम्प्युटर उघडला. ज्ञानकोशात काढलेलं काही खरोखर जात नाही, लेखाच्या इतिहासात राहतं. दादाने ते काढून माझ्यासमोर ठेवलं.

'शिसं तयार झालं की नाही ते कागदाच्या कपट्याने बघावं. कपटा तपकिरी व्हावा. पेटला तर फार तापलं, पांढराच राहिला तर अजून वेळ आहे. पहिल्या दोन-तीन पळ्या खाली गळून जातील. त्या वाया गेल्या असं नवशिक्याला वाटतं. त्या सांधा तापवायला लागतात. नंतर डोळ्यांनी बघू नये, खाली कापड धरलेल्या हाताने बघावं. शिसं पातळ असेतो हाताला काही लागत नाही. हाताला जड लागलं की फिरवायला घ्यावं. तेवढ्यासाठी वीस आकडे मोजण्याइतका वेळ मिळतो.'

असे आणखी दोन परिच्छेद. तेहतीस वर्षं निबंध तपासले मी. यात तांबडी शाई लावायला जागा नव्हती.

"हाताला जड लागतं," दादा म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं रोज लागत होतं. मला सांगता आलं नाही."

मी सगळा राग नियमावर काढायला निघाले. कसला मेला नियम, जन्म घालवलेल्या माणसाला संदर्भ मागतो. दादाने मला थांबवलं. "नियम ठीक आहे गं. उद्या कुणी येऊन लिहील की शिसं फुंकर मारून थंड करावं, तेही ठेवायचं का? पण हे खरं आहे की नाही, ते वाचून कळणारा तिथे मी एकटा होतो. संदर्भ शोधायचं काम माझं होतं. मी काय केलं, तर बटण दाबलं."

तो उठला, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि खात्याची जुनी छापील प्रशिक्षण पुस्तिका काढली. पान एकेचाळीस. रुक्ष भाषेत, पण तेच सगळं होतं, कागदाच्या कपट्यापासून. संदर्भ मिळायला पाच मिनिटं लागली. दादाने उस्तादांचा मजकूर जिथल्या तिथे परत ठेवला, पुस्तिकेचा हवाला जोडला आणि लगोलग पंतांना लिहिलं की प्रचालकपद परत घ्यावं. पंत माणूस चांगला. त्यांनी लिहिलं, हात आधीच कमी आहेत, फेरविचार करा. दादाचं उत्तर मी तपासलं, म्हणून आठवतं. 'झाडलोट करायला माणूस हवाच. ती करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण शिशाचा सांधा सांगू शकणारे आम्ही दोघंच उरलो आहोत, आणि त्यातला एक चौऱ्याऐंशीचा आहे.' खाली मी सुचवलेलं 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' त्याने खोडलं.

मजकूर परत आल्याचं लेकीने उस्तादांना दाखवलं. ते म्हणाले, "चौदाचं मन मोठं आहे." म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दोन दिवसांनी दादा खाली माझ्याकडे आला आणि दारातच म्हणाला, "बाई, सांधा तू भरायचा."

"मी?"

"मी भरला तर ते म्हणतील, हात चौदाचा आहे, लिहिण्याशी काय संबंध. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने नुसतं त्यांचं ऐकून भरला, तरच त्यांना पटेल. आणि तुझ्याइतकं काही न येणारं माणूस माझ्या ओळखीत नाही."

मी चौसष्ट वर्षांची. बल्ब बदलायलाही शेजारी हाक मारते. एरवी मी दादाला चांगलं सुनावलं असतं. पण त्या चार ओळी माझ्या होत्या, आणि खुर्चीवर बसवलं होतं तेही मीच. मी मुकाट्याने हो म्हटलं.

मंगळवारी सकाळी उस्तादांच्या घरामागच्या फरसबंद जागेत आम्ही मांडामांड केली. स्टोव्ह, शिशाचं भांडं, पळी. भंगारवाल्याकडून आणलेले शिशाच्या नळीचे दोन तुकडे, एकात एक बसवून दोन विटांवर ठेवलेले. एक टोक ठोकून बंद केलेलं. मला चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगावर दादाचा जुना जाड कोट. लेक म्हणाली, "बाई, तुम्ही दरोडा घालायला आल्यासारख्या दिसताय." कापडाची घडी उस्तादांच्या पेटीतली, त्यांचीच. उस्तादांना खुर्चीत आणून बसवलं. त्यांना हा सगळा खटाटोप पसंत नव्हता, तोंड बाजूला वळवून बसले होते. दादाला बोलायची बंदी. तो उपड्या बादलीवर बसला आणि हात मांड्यांखाली दाबून घेतले.

लेकीने वाचायला सुरुवात केली. मी कागदाचा कपटा बुडवला. पेटला. आच कमी करून थांबलो. दुसरा तपकिरी झाला. पहिली पळी ओतली, सगळं शिसं सांध्यावरून घसरून खालच्या पत्र्यावर. दुसरी, तेच. मी दादाकडे पाहिलं. तो आकाशाकडे बघत होता.

"'त्या वाया गेल्या असं नवशिक्याला वाटतं,'" लेकीने वाचलं.

वाटतच होतं. तिसरी पळी, चौथी. डावा हात खाली, कापडाची घडी धरलेली, आणि सगळं लक्ष त्या तळहातात. मला खात्री होती की ते जड लागणं मला कळणारच नाही. मी आयुष्यभर शब्दांतली माणूस. पण कळलं. मळलेल्या कणकेचा गोळा कुणीतरी हलकेच तळहातावर ठेवावा तसं. मी पळी टाकली आणि फिरवायला घेतलं. लेक मोठ्याने आकडे मोजत होती. अठराला शिसं हट्टाला पेटलं, आणि मी हात काढला.

दिसायला तो सांधा म्हणजे बटाटा होता. निवू दिला. मग दादाने उघड्या टोकाला रबराची नळी लावून सायकलचा पंप जोडला, सांध्यावर साबणाचं पाणी चोपडलं आणि हवा भरू लागला. सांध्याला कुठे बारीक भोक असेल तर तिथे बुडबुडा यायला हवा. आम्ही सगळे वाकून बघत होतो. दादाने एक ते शंभर मोजले. एकही बुडबुडा आला नाही.

उस्तादांची मान केव्हाच इकडे वळली होती. ते खुर्चीचा हात धरून उठले. लेक धावली, तिला त्यांनी बाजूला सारलं. थरथरतं बोट सांध्यावर वरून फिरवलं, मग कडेने, मग खालून. खाली येऊन बोट थांबलं. तिथे शिशाचा एक थेंब लोंबत राहिला होता, शेंगदाण्याएवढा.

"हा कसा राहिला?"

"माझं चुकलं, उस्ताद," मी म्हटलं. "पहिलीच वेळ ना."

"तुमचं नाही, बाई. तुम्ही लिहिलंय तसं केलंत." ते पुन्हा वाकले, तो थेंब नखाने टोकरला. "लिहिण्यातच राहिलंय. माझं एक वाक्य राहिलं." मग ते दादाकडे वळले, आणि दादा नंतर मला म्हणाला, तो आवाज त्याने चौदा नंबरच्या खड्ड्यानंतर ऐकलाच नव्हता. "चौदा, हात काढ मांडीखालून आणि लिही. शेवटी घडी कोरड्या बाजूने उलटी धरावी, आणि खालून वर एकच हात न्यावा. न थांबता. थांबलं की थेंब राहतो."

दादाने लिहून घेतलं. मग चाचरत म्हणाला, "उस्ताद, हे पुस्तिकेत नाही. लेखात घेता यायचं नाही. लेखामागे चर्चेचं एक पान असतं, तिथे ठेवतो तुमच्या नावाने, संदर्भ मिळेपर्यंत."

"पुस्तिकेत कुठून असेल? ती लिहिणारा कधी खड्ड्यात उतरला होता? ठेव कुठेही. वाच बघू काय लिहिलंस."

दादाने वाचलं. उस्तादांनी त्यातला एक शब्द बदलायला लावला आणि पुन्हा वाचून घेतलं. दादाचे डोळे भरून आले होते, ते तो शिशाच्या वाफेवर ढकलत होता, आणि स्टोव्ह तर केव्हाच विझवलेला होता. मग सामान आवरताना त्याने पेटी बंद केली आणि भीतभीतच विचारलं, "पेटी नेऊ का मग?"

"कशाला?" उस्ताद म्हणाले. "शुक्रवारी बाई दुसरा सांधा भरणार आहेत. हा काही बघवत नाही."